पाय लागला म्हणून

"तुम्ही कराटे शिकवता ना?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पन्नाशी गाठली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी फिरतं. घरचे म्हणतात, जाऊ दे की, लोकांना काय कळतंय, पांढरे कपडे घालून हातपाय झाडले की त्यांना सगळं कराटेच. का जाऊ दे? उभ्या ज्वारीच्या बांधावर येऊन कुणी म्हणालं, मालक, यंदा कापूस लय भारी आलाय, तर मालक जाऊ देईल का? मी शिकवते ते तायक्वांदो. ते कोरिया देशाचं आहे. त्यात हाताचं काम कमी आणि पायाचं जास्त. त्यातल्या एका लाथेमुळं माझ्या बापाच्या मेंढरांना ऐन हंगामात रान सोडावं लागलं. तेव्हा निदान नाव तरी नीट घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. जिंतूर तालुक्यात, बोरीच्या अलीकडं, इतकं बास झालं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, खुशाल ओळखू देत. आमचं घर मेंढरंवाल्याचं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण ती म्हणायपुरती. पोट सगळं मेंढरांवर. सुगी होऊन रानं मोकळी झाली की बाप मेंढरं घेऊन या शेतातून त्या शेतात फिरायचा. ज्याच्या रानात मेंढरं रात्रीची बसतात त्याच्या जमिनीला लेंडीखत मिळतं, आणि बदल्यात तो शेतकरी ज्वारी देतो. ह्याला आमच्याकडं मेंढरं बसवणं म्हणतात. म्हणजे आमचं सगळं दुसऱ्याच्या रानावर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळं बाप सगळ्यांना वाकून असायचा. वाटेत कुणी भेटला की काठी काखेत जायची आणि हात जोडले जायचे.

त्यानं आम्हा भावंडांना अक्षर शिकवलं नाही, कारण त्यालाच येत नव्हतं. पण एक गोष्ट हाडात मुरवली. पाय लागला की नमस्कार करायचा. पुस्तकाला लागला, सुपाला लागला, बसलेल्या मेंढराला लागला, माणसाला लागला, तर तिथल्या तिथं हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. हे तुमच्याही घरात असेल. आमच्यात जरा जास्तच होतं. मी झोपेत धाकट्या बहिणीला लाथ मारायची आणि झोपेतच तिला हात लावून कपाळाला न्यायची, असं आई हसून हसून सांगायची. अशा पोरीच्या नशिबी लाथांचा खेळ यावा, आता काय म्हणावं.

मी आठवीत असताना शाळेत खेळाचे नवे सर आले, तात्पुरत्या नेमणुकीवर. मानवतकडच्या एका खेड्यातले, दलित वस्तीतले. गावानं आधी त्यांची जात काढली, मग त्यांना भाड्यानं खोली मिळेना, मग ते बोरीला राहून रोज सायकलवर यायला लागले. दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलण्याचा ठराव होऊन वर्षं उलटली होती, पण मराठवाडा धुमसतच होता. आमच्या शाळेच्या भिंतीवर सकाळी एक घोषणा दिसायची आणि दुपारपर्यंत तिच्यावर चुना फासलेला असायचा. पहिल्या दंगलीत सरांचं घर जळलं होतं. तेव्हा ते आमच्याएवढे होते. मामानं त्यांना हैदराबादला नेलं आणि तिथल्या एका तालमीत हा खेळ त्यांना सापडला. हे त्यांनी रडून कधी सांगितलं नाही. एकदा विचारलं तेव्हा दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाले, चला, रांगेत उभे राहा.

गाव त्यांना कराटेवाला मास्तर म्हणायचं. सर दर वेळी थांबून दुरुस्त करायचे, समोर सरपंच असो की चहावाला. आम्हालाही आधी ते खूळच वाटलं. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला लिंबाखाली बसवलं आणि मातीत काडीनं नकाशा काढला. हा चीन, ही जपानची बेटं, आणि दोघांच्या मधे लोंबतो तो कोरिया. जपाननं तो देश गिळला आणि पस्तीस वर्षं दाबून धरला. शाळेतून त्यांची भाषा काढली. माणसांना आपली नावं टाकून जपानी नावं घ्यायला लावली. लोकांचा एक जुना खेळ होता, सणावाराला खेळायचे, पायांनी एकमेकाला पाडायचं. तोही आटत गेला. आमच्या घराघरांत निजामाचं राज्य पाहिलेले म्हातारे होते, त्यामुळं परक्याचा हुकूम म्हणजे काय हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग जपान हरला, देश सुटला आणि तिथं तालमी निघाल्या. पण तालमी काढणारे बरेचसे उस्ताद शिकले होते कुठं, तर जपानात. आणि शिकले होते काय, तर कराटे. हे ऐकून आमच्यातला एक पोरगा फटकन म्हणाला, म्हणजे चोरलेलंच की सर. तो गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदार घरातला. पोरगा वाईट नव्हता, पण चोर कोण आणि साव कोण हे आपणच ठरवायचं, ही त्या घराची सवय त्याच्याही जिभेला होती. सर हसले. म्हणाले, काही पुस्तकांत छापतात की ही दोन हजार वर्षांची कला हाय. छापू द्या, अभिमानात माणूस थापा मारतोच. मग काडी टाकून म्हणाले, "ज्यानं दाबलं त्याच्याकडूनच हात शिकले, आन् त्यात आपल्या आज्याचे पाय घातले. आता सांगा, कुणाचं हाय?"

मला हा सवाल आजही तोंडपाठ आहे.

पुढं त्या वेगवेगळ्या तालमीवाल्यांनी बसून एक नाव ठरवलं, तायक्वांदो. पायाचं हाणणं, मूठ आणि वाट, असा त्याचा अर्थ. त्यावरूनही त्यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं चालली, कुणी जुन्या नावाला चिकटून, कुणी तिसरंच नाव पुढं करून. गणिताचे गुरुजी व्हरांड्यात उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांनी तिथूनच टोला हाणला की नाव बदलल्यानं लाथ बदलते का. सर म्हणाले, न्हाई बदलत गुरुजी, लाथ तीच राहते; मग नाव बदलू द्यायला एवढं जड का जायलंय? गुरुजी पान थुंकून आत गेले. हे कोरियाबद्दल चाललेलं नाही, एवढं आम्हा पोरांनाही कळलं.

ह्या खेळात सगळ्यात आधी शिकवतात ते वाकणं. आधी सावधान, मग सर ओरडायचे, क्युंग्ने. म्हणजे वाका. समोरासमोरच्या दोघांनी एकाच वेळी कमरेतून वाकायचं, हात अंगासरशी, आणि दोघांनी सारखंच. आमच्या गावात हे कुठं होतं? गावात वाकणारी घरं ठरलेली आणि वाकवून घेणारी घरं ठरलेली. इथं तो जमीनदाराचा पोरगा माझ्यासमोर वाकायचा आणि मी त्याच्यासमोर. पहिल्या दिवशी मला फिस्सकन हसू आलं आणि सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मग मात्र त्याची चटक लागली. लाथ जमो न जमो, त्या वाकण्यासाठी मी घरातली भांडी घासून पळत यायची.

लाथ माझी चांगलीच होती. मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले पाय, त्यात काय नवल. पण खोड नडायची. लाथ लागली रे लागली की माझा हात खाली जाऊन समोरच्याच्या अंगाला लागायचा आणि कपाळाला जायचा. तेवढ्यात समोरचा मला दोन ठेवून द्यायचा. पोरं खो खो हसायची. सर मात्र हसायचे नाहीत. त्यांना ठाऊक होतं की हे खूळ नाही, हा माझा बाप आहे. ते नुसतं म्हणायचे, हात वर. रोज, दर लाथेला, हात वर. माझ्या हाताला मात्र ऐकायचं नव्हतं.

शाळेचं गॅदरिंग आलं. सरांनी गावासमोर सामने ठेवले. चुन्यानं चौकोन आखला, आईनं जुन्या गोधडीचं छातीला बांधायचं कवच शिवून दिलं. बाकीच्या पोरींना घरच्यांनी केव्हाच काढून घेतलं होतं, पोरींनी कुठं लाथा मारायच्या असतात का म्हणून. उरले मी. माझ्या वजनाचा होता तो जमीनदाराचा पोरगा. त्याचा चुलता शाळेच्या कमिटीवर, पुढच्या खुर्चीत बसलेला. आणि त्याच चुलत्याच्या रानात त्या वेळी आमची मेंढरं बसवलेली होती. बाप माझ्या भावाला मेंढरांजवळ ठेवून आला होता आणि तारेच्या कुंपणाबाहेर काठी टेकून उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही.

आम्ही वाकलो. सामना लागला. माझी पहिली लाथ त्याच्या छातीवर अशी बसली की गोधडीतनं धूळ उडाली. आणि झालं, माझा हात खाली गेला, त्याच्या अंगाला लागला, कपाळाला आला. बायांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, गुणाची हाय गं पोर. ते मी ऐकते आहे तोवर त्याचा पाय माझ्या तोंडावर आला. ओठ फुटला, रक्ताची चव आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथं माझ्या डोक्यात काहीतरी खटकन वाजलं. त्याचा पाय माझ्या तोंडाला लागला होता, तोंडाला. त्यानं मला हात लावून कपाळाला नेला नाही. कुणी त्याला ने म्हणालं नाही. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मग हा नमस्कार देवाचा की माणसामाणसाच्या मापाचा? मला इतका संताप आला की ओठ दुखायचा थांबला.

पुढची लाथ मी फिरून मारली. कानशिलावर बसली. नियमात बसते, बघा कुठंही विचारून. तो आडवा झाला. आणि माझे दोन्ही हात वर होते, छातीसमोर, मुठी वळलेल्या. खाली गेले नाहीत. मी नेले नाहीत.

चुलता खुर्चीतून उठला. पोरगा तोवर उठून बसला होता, त्याला काही झालेलं नव्हतं, फक्त गुण मोजायचे तेवढे राहिले होते. पण चुलत्यानं लाथ पाहिलीच नव्हती. त्यानं हात पाहिले होते. तो मुख्याध्यापकांना म्हणाला की पोराच्या डोक्याला पाय लागला आणि ही पोरगी नमस्कार करत नाही, ही बेअदबी कोण शिकवतंय ते आम्हाला माहीत आहे. पायातली वहाण पायातच बरी असते, असंही म्हणाला, सरांकडं बघून. सर शांतपणे म्हणाले की नियम मोडला असेल तर दाखवा. मग त्यांनी आम्हा दोघांना रेघेवर उभं केलं आणि हुकूम दिला, क्युंग्ने.

मी वाकले. कमरेतून, नियमाप्रमाणं. तो पोरगाही वाकायला लागला, खरं सांगते, लागला होता. चुलत्यानं मागून त्याची कॉलर धरली. पोरगा अर्धा वाकलेला तसाच राहिला.

मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. माणूस मवाळ होता. म्हणाले, पोरी, पायाला हात लाव आणि मिटवून टाक, एका क्षणाचं काम आहे, तुझं काय जातंय. हेच ते. वाकायला लावणाऱ्यांना नेहमी वाटतं की वाकणाऱ्याचं काही जात नाही. मी टाचा घट्ट रोवल्या.

"मी वाकले की सर," मी म्हणाले. "नियमानं वाकले. आता त्यानं वाकायचं राहिलंय."

चुलत्यानं मग माझ्याकडं बघायचं सोडून कुंपणाकडं बघितलं. माझ्या बापाला हाक मारून म्हणाला, तुझी मेंढरं माझ्या रानात बसल्यात, ध्यानात हाय न्हवं? लेकीला पाया पडायला सांग, न्हाई तर उद्या रान मोकळं कर. आणि ह्या शिवारात तुला कुणी बसवून घेतंय का तेही बघू.

बाप तारेखालून वाकून आत आला. त्याला बघून माझी सगळी अकड उतरली. सर म्हणाले असते तरी मी ऐकलं नसतं, देव म्हणाला असता तरी नसतं, पण बापानं नुसतं पोरी म्हटलं असतं तर मी पडले असते त्या पोराच्या पायावर. त्याची काठी काखेत गेलेली होती. हात जोडले जाणार हे मला दिसत होतं. तो माझ्याजवळ आला, माझी हनुवटी धरून ओठ बघितला आणि विचारलं, "हे त्याच्या पायानं झालं का?"

मी हो म्हणाले.

"त्यानं हात लावून कपाळाला नेला?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं काठी काखेतून काढली आणि जमिनीवर टेकली. चुलत्याला म्हणाला, "मंग फिटलं की, मालक." आवाज नेहमीसारखाच, खालचा. मालक म्हणायचं तो विसरला नाही. पण हात जोडले नाहीत.

सकाळी बापानं मेंढरांभोवतीची जाळी उपटली. मेंढरं रोज रात्री जागा बदलून बसवतात, म्हणजे सगळ्या रानाला खत लागतं. त्या रानाचा निम्मा भाग झाला होता, निम्मा राहिला. पुढच्या पावसाळ्यात त्या शेतात पीक उभं राहिलं ते निम्मं काळंभोर आणि निम्मं पिवळट, मधे सरळ रेघ. बोरीच्या एसटीतून जाणारा येणारा खिडकीतून बघायचा आणि विचारायचा, हे असं का. कंडक्टरला सगळं माहीत होतं, तो सांगायचा. मला त्या रेघेचा अजून आनंद होतो. होऊ दे.

पण त्या पावसाळ्याआधी आम्हाला सोसावं लागलं. गावाच्या शिवारात खरंच कुणी मेंढरं बसवून घेतली नाहीत. बाप येलदरीच्या बाजूला सरकला, एका लहान शेतकऱ्यानं बसवून घेतलं, ज्वारी मात्र पूर्वीच्या मानानं थोडीच मिळाली. आई मला बोल बोल बोलली. लाथ मारीन तिथं पाणी काढीन म्हणतात, तू तर असलेलं पाणी आटवलंस, म्हणाली. शाळेतला वर्ग मुख्याध्यापकांनी बंद केला, आणि सरांची नेमणूक उन्हाळ्यापर्यंतचीच होती. जमीनदाराचा पोरगा परत आला नाही. आता त्याचं जिंतूरला दुकान आहे. भेटला की मान लववतो, मीही लववते, तेवढीच.

सर थांबले नाहीत. रविवारी सायकल मारत येलदरीकडच्या आमच्या बिऱ्हाडावर यायचे. तिथं ओढा होता, कोरडा पडलेला, वाळू मऊ. मी, भाऊ आणि त्या शेतकऱ्याची दोन पोरं, एवढा आमचा वर्ग. एका रविवारी सरांची सायकल पंक्चर झाली असावी, ते आलेच नाहीत. भाऊ मेंढरांकडं गेलेला. मी एकटीच वाळूत हवेत लाथा मारत बसले होते. बाप काठावरून बराच वेळ बघत होता. मग त्यानं अंगावरची घोंगडी काढली, चार पदरी घडी घातली, ओढ्यात उतरला आणि घडी छातीशी धरून माझ्यासमोर उभा राहिला.

म्हणाला, मार.

मी म्हणाले, दादा, तुमाला कसं मारू. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. तो म्हणाला, त्या पोराला मारलीस, मला मारायला काय झालं, मी काय त्याच्यापरीस नाजूक हाय का? मी हलकेच पाय लावला. तो म्हणाला, ह्याच्यापरीस आपलं कोकरू जोरात मारतंय.

मग मी मारली. पूर्ण फिरून, होती तेवढी ताकद लावून. घोंगडीवर धप्पकन आवाज झाला, बाप दोन पावलं मागं गेला, त्याचं पागोटं सैल होऊन कपाळावर आलं. माझ्या बापाला माझा पाय लागला होता. माझा हात आपोआप खाली निघाला, त्याच्या पायाकडं.

बापानं पागोटं सारखं केलं, घडी पुन्हा छातीशी धरली आणि म्हणाला, "हात वर."